ओळी मोजून वाचा : ग्रीक-लॅटिन साहित्याच्या पदव्युत्तर परीक्षेची तयारी

ग्रीक आणि लॅटिन साहित्यात पीएच.डी. करण्यासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला प्रबंधाला हात घालण्याआधी काही परीक्षा द्याव्या लागतात. ग्रीक उताऱ्यांचे भाषांतर, लॅटिन उताऱ्यांचे भाषांतर, दोन्ही साहित्यांचा इतिहास, आणि बहुतेक ठिकाणी जर्मन व फ्रेंच किंवा इटालियन वाचता येत असल्याची चाचणी, असा त्यांचा ढोबळ आराखडा असतो. भाषांतराच्या प्रश्नपत्रिकेत काही उतारे विभागाने दिलेल्या वाचनयादीतले असतात, तर काही पूर्णपणे अपठित असतात. शब्दकोश वापरू द्यायचा की नाही, किती उतारे सोडवायचे, तोंडी परीक्षा केव्हा घ्यायची, हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते. म्हणून यादी हातात पडताच पहिले काम म्हणजे विभागाकडून मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागवून घेणे. त्या मागण्यात संकोच बाळगू नये, कारण परीक्षकाला भाषांतर किती शब्दशः हवे आहे आणि उतारा किती लांबीचा येतो, हे त्याच कागदांवरून कळते.

हा अभ्यास मी दोन उन्हाळे ठाण्यात, नौपाड्यातल्या घरी राहून केला आणि आता नवी मुंबईतल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना त्यात मदत करतो. सुट्टीत घरी आलेल्या विद्यार्थ्याजवळ मेच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत शंभरेक दिवस असतात. या शंभर दिवसांचे काय करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे, आणि मला सर्वांत आग्रहाने सांगायची गोष्ट अशी की, यादीतली प्रत्येक ओळ मूळ भाषेत निदान दोनदा वाचून होणे हीच खरी तयारी असते. समीक्षाग्रंथ, वाङ्मयेतिहास, टिपणे, व्याख्याने यांचे स्थान त्यानंतरचे आहे.

हे वाचायला साधे वाटते. प्रत्यक्षात यादी पाहून छाती दडपते, कारण ती ग्रंथांच्या नावांनी लिहिलेली असते. ‘इलियड’ असे नुसते नाव वाचले की ते डोंगरासारखे दिसते. म्हणून यादी ओळींत मोजून काढावी. होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या २४ सर्गांत मिळून १५,६९३ ओळी आहेत आणि व्हर्जिलच्या ‘एनिड’ या लॅटिन महाकाव्याच्या १२ सर्गांत ९,८९६. समजा, यादीत ‘एनिड’चे पहिला, दुसरा, चौथा आणि सहावा असे चार सर्ग आहेत. त्यांच्या ओळी अनुक्रमे ७५६, ८०४, ७०५ आणि ९०१ होतात, म्हणजे एकूण ३,१६६. रोज ८० ओळी वाचल्या तर हे काम ४० दिवसांचे आहे. ४० दिवस म्हणजे काय ते आपल्याला कळते. ‘व्हर्जिल संपवायचा’ म्हणजे काय ते कळत नाही. गद्य लेखकांच्या बाबतीत ओळींऐवजी छापील पाने मोजावीत. एका जाड वहीत ग्रंथ, ओळी, पहिल्या वाचनाची तारीख आणि दुसऱ्या वाचनाची तारीख असे चार रकाने आखावेत आणि रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवसाचा आकडा त्यात भरावा.

पहिल्या आठवड्यात स्वतःचा वेग मोजावा. मला सुरुवातीला शब्दकोश उघडून तासाला जेमतेम २५ ओळी होत असत आणि त्यामुळे मी खचलो होतो. पण वेग वाढतो, आणि तो एकाच लेखकाकडे सलग राहिल्याने वाढतो. होमरच्या ५०० ओळी झाल्यानंतर पुढच्या ५०० निम्म्या वेळात होतात. म्हणून सकाळी होमर, दुपारी थ्युसिडिडिस आणि रात्री पिंडार असे वेळापत्रक करू नये. एका वेळी एक ग्रीक आणि एक लॅटिन लेखक घ्यावा, एकाला सकाळ द्यावी आणि दुसऱ्याला संध्याकाळ, आणि तो संपल्यावरच पुढच्याकडे वळावे. पहिले वाचन शब्दकोश आणि पेन्सिल घेऊन करावे. दुसरे वाचन महिन्याच्या आत शब्दकोशाशिवाय करावे, आणि ज्या ओळी पुन्हा अडतील त्यांच्यापुढे समासात लहानशी खूण करावी. शेवटच्या आठवड्यांत केवळ या खुणांकडे बघायचे असते.

माझ्या पहिल्या प्रयत्नात ग्रीकची प्रश्नपत्रिका मी नापास झालो, आणि त्याचे कारण इथे सांगणे उपयोगाचे आहे. ईस्किलसच्या ‘अगामेम्नन’ नाटकातील समूहगीते मला कठीण जात होती, म्हणून मी ती इंग्रजी भाषांतराच्या आधाराने इतक्या वेळा वाचली की भाषांतरच पाठ झाले. परीक्षेत नेमका ओळखीचा उतारा आला. मी आनंदाने भराभर लिहीत गेलो. निकालानंतर प्राध्यापकांनी उत्तरपत्रिका समोर ठेवून दाखवले की, माझ्या उत्तरात छापलेल्या उताऱ्यात नसलेल्या दोन ओळींचा मजकूर होता आणि उताऱ्यात असलेल्या एका कृदंताचा मागमूस नव्हता. मी उतारा वाचलाच नव्हता. आठवणीतून उतरवून काढला होता. आपल्याकडे पाठांतराची सवय लहानपणापासून असते आणि ती पुष्कळदा कामाला येते, परंतु पाठ करायचे ते मूळ, भाषांतर नव्हे. तेव्हापासून माझा नियम असा आहे की, भाषांतर उघडायचेच असेल तर ते स्वतःचे भाषांतर लिहून झाल्यानंतर, आणि केवळ पडताळणीसाठी.

क्रमाविषयी थोडक्यात. ग्रीकची सुरुवात होमरपासून करावी, कारण त्याची वाक्ये सरळ चालतात आणि ठरीव शब्दसमूह पुन्हा पुन्हा येत असल्याने हात लवकर बसतो. गद्यात लिसियस, झेनोफन आणि प्लेटोचे लहान संवाद आधी घ्यावेत. थ्युसिडिडिसचे कथन आणि त्याची भाषणे या दोन वेगळ्या इयत्ता समजाव्यात. दुसऱ्या खंडातील महामारीचे वर्णन जमले म्हणून त्याच खंडातले पेरिक्लिसचे भाषण जमेल असे नाही. लॅटिनमध्ये सीझर, मग सिसरो, मग व्हर्जिल आणि ओव्हिड असा मार्ग बरा, आणि टॅसिटस सर्वांत शेवटी ठेवावा, कारण तो वाक्यातील अपेक्षित शब्द मुद्दाम गाळतो आणि तोल जाणूनबुजून बिघडवतो. सिसरोचे भरघोस वाक्य कानात बसल्यानंतरच टॅसिटसने काय मोडले ते लक्षात येते.

आता मराठी विद्यार्थ्याच्या पदरी आधीपासूनच असलेल्या भांडवलाकडे वळतो. आपल्यापैकी अनेकांनी आठवी ते दहावी संस्कृत घेतलेले असते आणि पुढे ते ‘गुणांसाठी घेतलेला विषय’ म्हणून बाजूला पडते. ते पुन्हा बाहेर काढावे. ग्रीक ‘दिदोमि’ म्हणजे संस्कृत ‘ददामि’, ‘तिथेमि’ म्हणजे ‘दधामि’. भूतकाळात धातूच्या आधी येणारा ‘अ’ (अभरम्) ग्रीकमध्ये ‘ए’ होऊन येतो (एफेरॉन). परोक्ष भूतकाळात धातूचे पहिले अक्षर द्वित्त होते, तसे ग्रीकमध्येही होते. ‘रिरेच’ आणि ग्रीक ‘लेलोइपा’ एकाच धातूची रूपे आहेत. वर्गातल्या माझ्या सहाध्यायांना ‘मध्यम प्रयोग’ ही नवलाची गोष्ट वाटत होती, मला मात्र आत्मनेपद म्हटल्याबरोबर तिची जागा सापडली. विधिलिङ् ठाऊक असल्याने ग्रीकची इच्छार्थी रूपे जवळची वाटली, द्विवचनाला घाबरण्याचे कारण उरले नाही. ‘सूर्ये अस्तं गते’ ही सति सप्तमी ज्याने एकदा सोडवली आहे, त्याला लॅटिनमधील ‘उर्बे काप्ता’, म्हणजे ‘शहर जिंकले गेल्यावर’, ही पंचमीतली रचना आणि ग्रीकमधील तशीच षष्ठीतली रचना निराळी शिकवावी लागत नाही.

पण इथेच एक खड्डा आहे, आणि संस्कृत चांगले असलेला विद्यार्थी त्यात हमखास पडतो. रूप जुळले म्हणजे अर्थही जुळला असे तो धरून चालतो. ग्रीकमधील ‘एओरिस्ट’ हा भूतकाळ रूपाने संस्कृतच्या लुङ् या भूतकाळाशी जुळतो, परंतु त्याचे काम क्रियेचा काळ किती जवळचा हे सांगण्याचे नसून क्रिया कशा स्वरूपात पाहिली आहे हे सांगण्याचे आहे. ते समजण्यासाठी संस्कृतकडे न जाता सरळ मराठीकडे यावे. ‘तो जात होता’, ‘तो गेला’ आणि ‘तो गेला आहे’ या तीन वाक्यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. पहिले ग्रीकचे अपूर्ण भूत, दुसरे एओरिस्ट आणि तिसरे पूर्ण. मी विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात प्रत्येक ग्रीक क्रियापदाखाली पेन्सिलने मराठी क्रियापद लिहायला सांगतो. त्यावरून त्यांना रूप कळले आहे की नुसते ओळखता आले आहे, ते तत्काळ दिसते. रूपांसाठी संस्कृत आणि अर्थच्छटेसाठी मराठी, ही वाटणी मला सर्वांत लाभदायक ठरली.

ग्रीकमधील अव्ययांचेही तेच. ‘मेन’ आणि ‘दे’ यांचे इंग्रजी भाषांतर करताना ‘एका बाजूला, दुसऱ्या बाजूला’ असे अवजड शब्द वापरले जातात, पण मराठी ‘तर’ आणि ‘पण’ ती जोडी सहज पेलतात: ‘थोरला तर गेला, पण धाकटा राहिला.’ ‘गे’ हे अव्यय पुष्कळदा आपल्या ‘तरी’ किंवा ‘च’सारखे आधीच्या शब्दाला चिकटून त्यावर जोर देते. ‘मला तरी ठाऊक नाही’ यातला ‘तरी’ काढून पाहा आणि वाक्याचे काय होते ते बघा. परीक्षकाला नेमकी तीच जाण भाषांतरात दिसायला हवी असते.

उसन्या ओळखीचे दोन सापळे लक्षात ठेवावेत. लॅटिन ‘देउस’ आणि आपला ‘देव’ खरोखरच सख्खे आहेत, परंतु देव याच अर्थाचा ग्रीक ‘थेऑस’ त्या घरातला नाही, दिसायला कितीही जवळचा वाटला तरी. ‘झेउस’ मात्र ‘द्यौः’च्या घरचा आहे. दुसरा सापळा ‘एइमि’चा. ग्रीकमध्ये ‘मी आहे’ आणि ‘मी जाईन’ या दोन्ही क्रियापदांची अक्षरे तीच; फरक केवळ स्वरचिन्हाचा, पहिल्यात ते शेवटच्या अक्षरावर आणि दुसऱ्यात पहिल्या अक्षरावर. संस्कृतमध्ये हीच जोडी ‘अस्मि’ आणि ‘एमि’ अशी स्पष्ट वेगळी राहिली आहे. घाईत स्वरचिन्ह न बघता पुढे गेलेला विद्यार्थी ‘मी तुझ्याकडे येईन’ या जागी ‘मी तुझ्याकडे आहे’ असे लिहून मोकळा होतो.

छंदाचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक विभाग विचारतो, आणि तो आपल्यासाठी हक्काचे गुण आहेत. लघु-गुरु ओळखण्याचे नियम तेच आहेत: दीर्घ स्वर गुरु, आणि ऱ्हस्व स्वरापुढे जोडव्यंजन आले की तोही गुरु; काही व्यंजनजोड्यांपुढे मात्र कवीला सवलत असते. ‘यमाताराजभानसलगा’ पाठ असेल तर ग्रीक नावे घाबरवत नाहीत. ‘डॅक्टिल’ म्हणजे गुरु-लघु-लघु, अर्थात भगण. ‘अनापेस्ट’ म्हणजे सगण. होमर आणि व्हर्जिल यांचे षट्पदी वृत्त मात्र अक्षरगणवृत्त नाही, हे आधी मनात पक्के करावे, नाही तर शार्दूलविक्रीडितासारखी अक्षरे मोजत बसण्यात वेळ जातो. त्याची चाल मोरोपंतांच्या आर्येच्या जवळची आहे. आर्येत जसे चार-चार मात्रांचे गण पडतात, तसे इथे चार-चार मात्रांचे सहा गट असतात, आणि प्रत्येक गटाची सुरुवात गुरूने होते. उरलेल्या दोन मात्रांत दोन लघु येवोत किंवा एक गुरु. पाचवा गट बहुधा भगणच असतो आणि सहाव्यात दोनच अक्षरे येतात. ‘एनिड’ची पहिली ओळ घ्या: आर्-म-वि, रुम्-क्वे-क, नो-त्रो, याय्-क्वी, प्री-मुस्-अब्, ओ-रीस्. (‘क्वे’ इथे ऱ्हस्व धरायचा, आणि ‘मुस्’ व ‘अब्’ ही अक्षरे देवनागरीत जड दिसली तरी पुढच्या स्वराशी जोडून म्हणताना हलकी होतात.) दोन भगण, मग गुरूंच्या दोन जोड्या, पुन्हा भगण, आणि शेवटी जोडी. टाळी वाजवून दहा वेळा म्हटले की ओळ अंगात भिनते. त्याच ओळीतला ‘विरुम’ आपल्या ‘वीर’शी आणि ‘क्वे’ संस्कृतच्या ‘च’शी नाते सांगतो, ‘च’प्रमाणेच तोही शब्दाच्या मागून येतो, त्यामुळे ‘शस्त्राणि वीरं च’ हा क्रम आपल्याला उलटा वाटतच नाही.

मोठ्याने वाचणे हा या अभ्यासाचा ऐच्छिक भाग नाही. प्राचीन अथेन्समधील ग्रीकचे फ, थ, ख हे वर्ण खऱ्या अर्थाने महाप्राण होते, ‘फळ’, ‘थवा’, ‘खण’ यांतल्यासारखे. आपल्या तोंडात ते आधीच आहेत. ठाण्यातल्या अभ्यासिकांमध्ये सकाळी सातला जागा धरून राज्यसेवा आणि सी.ए.ची मुले बसतात, तिथली शांतता पहिल्या वाचनाला फार चांगली. पण तिथे ओठ हलवलेलेही खपत नाहीत. म्हणून दिवसाच्या वाचनातल्या ४० ओळी मी संध्याकाळी उपवन तलावाच्या काठाने चालताना म्हणत असे. पावसाळ्यात येऊरच्या डोंगरावरून ढग उतरलेले असत आणि छत्रीवरच्या पावसात माझा आवाज कोणाला ऐकू जात नसे. ‘इलियड’च्या नवव्या सर्गात अकिलिस आपल्यापुढचे दोन मार्ग सांगतो, घरी परतून दीर्घायुष्य किंवा इथेच मरण आणि ‘क्लेऑस अफ्थितॉन’, म्हणजे अक्षय कीर्ती. ऋग्वेदात ‘श्रवः’ आणि ‘अक्षितम्’ हे शब्द असेच एकत्र येतात, आणि दोन्हींचे मूळ एकच आहे, हे आडालबर्ट कून या जर्मन विद्वानाने १८५३ साली दाखवले. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला ते साल त्यामुळे कधी विसरता आले नाही, आणि तारखा लक्षात ठेवण्याची माझी रीत हीच आहे.

शब्दसंपत्तीसाठी लोकल प्रवास वापरावा. ठाणे ते वाशी हा अर्ध्या तासाचा प्रवास शंभर शब्दांना पुरतो. डिकिन्सन कॉलेजने वारंवार येणाऱ्या शब्दांच्या याद्या विनामूल्य उपलब्ध करून दिल्या आहेत. लॅटिनची यादी सुमारे १,००० शब्दांची आणि ग्रीकची सुमारे ५०० शब्दांची आहे. आधी त्या पक्क्या कराव्यात. पुढचे शब्द मात्र कोणाच्या यादीतून न घेता स्वतःच्या वाचनात तीनदा अडलेले तेवढेच कार्डावर उतरवावेत, आणि शब्द एकटा न लिहिता तो ज्या ओळीत भेटला ती ओळही लिहावी. ओळीसकट भेटलेला शब्द परीक्षेत ओळख दाखवतो.

साधनांसाठी फार पैसा लागत नाही. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ संग्रहात बहुतेक मूळ ग्रंथ मोफत वाचता येतात, आणि शिकागो विद्यापीठाचे ‘लोगिऑन’ मोठे शब्दकोश एकत्र उघडून देते. पर्सियसमध्ये शब्दावर टिचकी मारली की व्याकरण समोर येते. ही सोय पहिल्या पंधरा दिवसांनंतर स्वतःहून बंद करावी, नाही तर आपल्याऐवजी यंत्रच वाचते. ‘लोएब’ मालिकेची पुस्तके, ग्रीकची हिरवी आणि लॅटिनची तांबडी, डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी देतात. ती वापरायची तर उजव्या पानावर पुठ्ठा ठेवावा. मुख्य वाचनासाठी ऑक्सफर्डची मूळ संहितेची आवृत्ती उत्तम, कारण तिच्यात भाषांतर नसते आणि पानाच्या तळाशी पाठभेद दिलेले असतात. हे पाठभेद विद्यार्थी डोळ्याआड करतात, ते करू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला हे आपल्याला शाळेपासून माहीत असते. होमरच्या संहितेवर अलेक्झांड्रियातील प्राचीन विद्वान अरिस्टार्कसने केलेले काम त्याच जातीचे आहे, आणि तोंडी परीक्षेत ‘या ओळीत दुसरा पाठ का सुचवला गेला?’ असे विचारले तर उत्तर तळटिपेतच असते.

अपठित उताऱ्याची भीती रोजच्या १५ ओळींनी जाते. यादीबाहेरचे काहीही उघडावे, घड्याळ लावावे, आणि २० मिनिटांत शब्दकोशाशिवाय लिहून काढावे. ठाणे जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला मी पहिला अपठित उतारा नेहमी एकच देतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या वर्णनात ‘सूप्पारा’ म्हणजे सोपारा आणि ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याण यांचा उल्लेख आहे. थोरल्या सारागानेसच्या काळात कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, असे तो सांगतो, आणि पुढे लिहितो: ‘मेता गार तो कातास्खेइन आउतेन सान्दानेन एकोलुथे’, म्हणजे सान्दानेसने ते ताब्यात घेतल्यानंतर तिथला व्यापार अडवला गेला. त्यानंतरचे वाक्य असे की, चुकून या भागात शिरणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात बारिगाझाला, म्हणजे भरूचला, नेली जातात.

या दीड वाक्यात परीक्षेला लागणारे किती भरले आहे ते पाहा. ‘मेता’ पहिल्यांदा द्वितीयेबरोबर येतो आणि त्याचा अर्थ ‘नंतर’ असा होतो. तोच पुढच्या वाक्यात ‘मेता फुलाकेस’ (पहाऱ्यासह) मध्ये षष्ठीबरोबर येतो आणि त्याचा अर्थ ‘सह’ होतो. ‘तो कातास्खेइन’ हे उपपदासह आलेले भाववाचक क्रियारूप आहे, मराठीतल्या ‘ताब्यात घेणे’सारखे, आणि त्याचा कर्ता ‘सान्दानेन’ द्वितीयेत आहे. ‘आउतेन’ ही त्याच विभक्तीत, पण ते कर्म. दोन द्वितीयांपैकी कोणी कोणाला घेतले हे अर्थावरून ठरवावे लागते. ‘प्लोइआ’, म्हणजे जहाजे, नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, आणि तरी क्रियापद ‘एइसागेताइ’ (नेली जातात) एकवचनी; ग्रीकचा हा नियम माहीत नसलेला विद्यार्थी एकवचनी कर्ता शोधत बसतो. कल्याण स्थानकातून रोज जाणाऱ्या मुलीने हे वाक्य स्वतः सोडवले तेव्हा तिने पुढची दोन प्रकरणे मी न सांगता वाचून आणली. ‘पेरिप्लस’ परीक्षेच्या यादीत सहसा नसतो. सवय लागण्यासाठी मात्र त्याहून जवळचे काही मला सापडलेले नाही.

साहित्येतिहासाच्या प्रश्नपत्रिकेसाठी तारखांचा एक लांब कागद भिंतीवर लावावा. इ.स.पू. ४७२ ईस्किलसचे ‘पर्शियन्स’ हे नाटक, ४५८ त्याचीच ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी, ४३१ युरिपिडिसचे ‘मिडिया’ आणि त्याच वर्षी पेलोपोनेशियन युद्धाचा आरंभ, ४०५ ॲरिस्टोफेनिसचे ‘बेडूक’, ३९९ सॉक्रेटिसचा मृत्यू. रोमकडे २४० मध्ये लिव्हियस अँड्रोनिकसचे पहिले लॅटिन नाटक, ६३ मध्ये सिसरोची कॅटिलाइनविरुद्धची भाषणे, ४३ मध्ये सिसरोची हत्या आणि ओव्हिडचा जन्म, १९ मध्ये व्हर्जिल आणि टिबुलस दोघांचा मृत्यू, इसवी सन ८ मध्ये ओव्हिडची हद्दपारी, ६५ मध्ये सेनेका आणि ल्युकन यांचा अंत. एवढ्या खुंट्या पक्क्या झाल्या की बाकीचे लेखक त्यांच्या आगेमागे टांगता येतात. निबंधात मत मांडताना मूळ ग्रंथातील प्रसंग ओळखीने उद्धृत करावा. कोणत्या समीक्षकाने काय म्हटले याची जंत्री त्यापुढे फिकी पडते. जिथे आपल्या परंपरेतले उदाहरण खरोखर प्रकाश टाकत असेल तिथे ते जरूर द्यावे. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातील गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करून होमरच्या ठरीव शब्दसमूहांचे रहस्य मौखिक रचनेत आहे हे मांडले. जात्यावरच्या ओव्यांत तोच चरण नव्या ओवीत कसा बसतो हे आजीकडून ऐकलेल्याला ते पटवावे लागत नाही.

नाटकांचे कथानक डोळ्यांसमोर उभे करायला मराठीचाही उपयोग होतो. पु. ल. देशपांडे यांचे ‘राजा ओयदिपौस’ आणि विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेले ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र ही दोन पुस्तके मी यादीतील मूळ ग्रंथांच्या आधी वाचली. १८९३ साली स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय अशा पुस्तकांच्या शोधाची पहिली जागा असावी.

जर्मन आणि फ्रेंचसाठी संभाषणाचे वर्ग लावण्यात वेळ घालवू नये. तिथे फक्त वाचता यायला हवे असते, म्हणून आपल्याच विषयावरचा एक जर्मन लेख घेऊन रोज एक पान उलगडावे.

शेवटच्या सहा आठवड्यांत दर रविवारी पूर्ण वेळाची सराव परीक्षा द्यावी. उतारे स्वतः निवडू नयेत. मित्राला यादी द्यावी आणि त्याला कोणतेही पान उघडून ओळींचे क्रमांक कळवायला सांगावे. कागदावर, पेनने, तीन तास सलग लिहावे, कारण संगणकावर लिहायची सवय झालेला हात दुसऱ्या तासाला दुखू लागतो आणि अक्षर बिघडते. उतारा आधी शेवटपर्यंत वाचावा, क्रियापदे शोधून त्यांचे कर्ते ठरवावेत, आणि मगच लिहायला घ्यावे. अडलेल्या शब्दाला संदर्भावरून जवळचा अर्थ द्यावा, पण त्या शब्दाची विभक्ती आणि वाक्यातले काम भाषांतरात अचूक दिसले पाहिजे. परीक्षक शब्द माफ करतो, मोडलेले वाक्य करत नाही. कोणताही उपवाक्यांश गाळू नये. लिहून झाल्यावर मूळ उताऱ्यातील प्रत्येक शब्दावर बोट ठेवून त्याचे भाषांतर आपल्या उत्तरात कुठे आहे ते तपासावे. यासाठी प्रत्येक उताऱ्यामागे पाच मिनिटे राखून ठेवावीत. माझी दुसरी परीक्षा या पाच मिनिटांनी वाचवली, कारण दोन उताऱ्यांत मिळून तीन सुटलेले शब्द मला तेव्हा सापडले.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवीन ओळ वाचू नये. वहीतले रकाने उघडावेत, समासातल्या खुणांच्या ओळी तेवढ्या एकदा मोठ्याने म्हणाव्यात, आणि रात्री दहाला दिवा मालवावा.